बारावा फोटो

मॅक्रो लेन्स नवी होती आणि हात अजून बसला नव्हता. इतक्या जवळून फोकस फिरवायचा नसतो, आपणच केसभर पुढे सरकायचं, एवढं मात्र तो शिकला होता. समोर थोरली बहीण तोंड वाकडं करून बसली होती.

"आटप. तुझं थोबाड इतक्या जवळून बघवत नाही."

केसभर सरकत त्याने तिच्या डोळ्याचे बारा फोटो काढले आणि तिथेच तपासले. ताईच्या बुबुळातलं त्याचं प्रतिबिंब प्रत्येक फोटोत पाऊलभर मागे गेलं होतं. अकराव्यात ते उंबऱ्याबाहेर होतं. बाराव्यात दार बंद होतं.

"ताई, हे बघ," म्हणत त्याने मान वर केली.

समोर बंद दार होतं. आतून कडी लागली.

"गेली एकदाची ब्याद," ताई म्हणाली.

आणि आत त्याच्याच आवाजात कुणीतरी "हं" म्हणालं.