बंद म्हणजे बंद

ऑफिसने मोडीत काढलेलं युनिक्सचं जुनं वर्कस्टेशन साहेबांनी हौसेने घरी आणलं, पण ते काही बंद राहीना. शटडाऊन केलं की स्क्रीन काळी व्हायची, आणि साहेब हात झटकून उठेपर्यंत पंखा पुन्हा घरघरू लागायचा. बायकोने बजावलं, "आज हे गप्प बसलं नाही, तर उद्या भंगारात जाईल."

"कुठल्या गाढवाने काय करून ठेवलंय!" म्हणत साहेबांनी सगळी सेटिंग्ज उपसली. कुणीही बंद केलं तरी मशीनने आपलं आपण सुरू व्हावं, अशी पक्की तजवीज सापडली. खाली नाव होतं साहेबांचंच, आणि तारीख वीस वर्षांपूर्वीची. गाढव घरचंच निघालं. त्यांनी गुपचूप ते सेटिंग बदललं. मशीन बंद झालं, आणि चक्क बंदच राहिलं.

"बघितलंस? सेटिंग सापडलं की सगळं वठणीवर येतं," म्हणत त्यांनी बूट चढवले. "जरा ऑफिसात डोकावून येतो. माझ्यावाचून अडलं असेल त्यांचं."

"अहो, निवृत्त होऊन चार महिने झाले, आणि या आठवड्यातली ही तिसरी फेरी," बायको दारात उभी राहून म्हणाली. "तुमचं सेटिंग कुठे असतं, तेवढं सांगून जा."