काळ्यांची खोली

सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढताच बाई म्हणाल्या, "काळ्यांचं घड्याळ आजही बरोबर आहे."

मॅडमनी वहीत खूण केली. रोज सकाळी प्रत्येक मादीच्या अंगातला एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि त्यातल्या पेशींवरून तिचं ऋतुचक्र कुठवर आलंय ते सांगायचं, हे बाईंचं काम. काळ्या उंदीर-माद्यांचं चक्र दर चार दिवसांनी नेमकं फिरत होतं. पलीकडच्या खोलीतल्या पांढऱ्यांचं केव्हाच थांबलं होतं. नुसत्या माद्याच एकत्र ठेवल्या की बहुधा तसंच होतं.

"काळ्यांचं थांबत नाही, कारण ते त्यांच्या जनुकांतच आहे," मॅडम म्हणायच्या. "दोनदा मोजलंय. तिसऱ्यांदा तेच आलं की कुणाची नाही म्हणायची हिंमत होणार नाही."

आणि नाही आलं, तर काळ्यांचा एकही पिंजरा ठेवू नका, असं वरिष्ठांनी कळवलं होतं.

मॅडम भारी काटेकोर. नराचा नुसता वास आला तरी थांबलेलं चक्र सुरू होतं, म्हणून नर वरच्या मजल्यावर आणि त्यांची माणसंही वेगळी. बाई पूर्वी वरच असायच्या. दोन वर्षांपूर्वी हे काम निघालं तेव्हा खाली आल्या, त्या पुन्हा जिना चढल्या नाहीत. नवख्या हाताला उंदीर बिथरतात, म्हणून काळ्यांना फक्त बाईंनी हात लावायचा, पांढऱ्यांना फक्त शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यानं. दोन वर्षांत यात तसूभर फरक नाही.

खोली गार असायची. अ‍ॅप्रनमधून बाईंच्या राखाडी स्वेटरच्या विरलेल्या बाह्या बाहेर डोकवायच्या.

"बाई, आता तरी नवा घ्या की," सहकारी चिडवायचा. "लोक म्हणतील उंदरांनी कुरतडला."

"म्हाताऱ्याला हाच लागतो. याच्याशिवाय झोपत नाही तो."

म्हातारा सगळ्यांना ऐकून माहीत होता. कुणी म्हणे वडील, कुणी म्हणे सासरे. बाईंना विचारायची सोय नव्हती. त्या एकट्या जेवायच्या, चहाबरोबरच्या बिस्किटाचा कोपरा रुमालात बांधायच्या आणि पाच वाजले की "घरी एकटा आहे हो" म्हणत निघायच्या. त्यांच्या घरी कधी कुणी गेलं नव्हतं.

एका सोमवारी बाई आल्या नाहीत. मंगळवारी आल्या त्या शाल पांघरून.

"गेला," त्या म्हणाल्या. "दोन दिवस श्वास लागला होता. फार हाल नाही झाले."

मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चार दिवस सुट्टी घ्या, बाई."

"नको. घर खायला उठतं. इथे निदान या आहेत." आणि त्यांनी पहिला पिंजरा उघडला.

दोन आठवड्यांनी काळ्यांचं चक्र अडखळलं. महिनाअखेरीला थांबलं. बाईंनी काचपट्ट्या तीन-तीनदा पाहिल्या.

मॅडम खुर्चीत मटकन बसल्या. "खाणं तेच, उजेड तोच, हात तेच. काय बदललं, बाई?"

बाईंनी काचपट्ट्या एकेक करून डबीत ठेवल्या.

"उद्या पिंजरे रिकामे करू. त्याचं दुःख आहेच. पण का झालं हे कळलं नाही, तर मी जन्मभर स्वतःला मूर्ख म्हणत राहीन." मॅडमचे डोळे भरून आले होते.

बाईंना ते बघवेना. त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच जिना चढून वर गेल्या आणि नरांची जुनी नोंदवही घेऊन आल्या. एक ओळ त्यांच्याच अक्षरातली होती: काळा नर, क्रमांक सत्तावीस, काम संपले, नष्ट केला.

त्यांनी "नष्ट केला" हे शब्द खोडले, शेजारी सावकाश काहीतरी लिहिलं आणि वही मॅडमपुढे सरकवली.

"घरी नेला. या महिन्याच्या नऊ तारखेला, पहाटे, माझ्या स्वेटरच्या बाहीत वारला."