उजवी वहाण

"थांबू नकोस, खलिता घेऊन पुढे हो," घोटा धरून बसलेला सटवा म्हणाला. "मागे शत्रूचे स्वार आहेत."

सरकारी जासूद जोडीनेच धावत. एक पडला तर दुसऱ्याने मागे वळून बघायचं नाही, असा दंडक होता. सटवा आणि हैबती चार वर्षं एकत्र धावत होते. घरी लग्नाचा विषय निघाला, की दोघेही आणखी लांबची वाट मागून घेत आणि वाटेत एकाच घोंगडीत झोपत.

हैबतीने सटवाला करवंदीच्या जाळीत लपवलं. मग आपली उजवी वहाण काढून त्याच्या हातात दिली. "ही सांभाळ. मला परत लागणार आहे."

दुपारी खलिता गडावर पोचला आणि दरवाजे वेळेत बंद झाले. हैबतीच्या उजव्या पावलातून रक्त येत होतं.

"बस जरा," किल्लेदार म्हणाले. "उद्या नवा जोडीदार देतो."

"माझी वहाण राहिलीय वाटेत," हैबती म्हणाला आणि चोरदिंडीने बाहेर पडला.

अर्ध्या रानातच सटवा दिसला. तो रांगत येत होता. गुडघे, तळहात सगळे सोलवटलेले, आणि वहाण कमरेला घट्ट बांधलेली.

हैबती भडकला. "जाळीतून हलू नकोस म्हणून लपवलं होतं ना तुला?"

"आणि तू अनवाणी किती धावणार होतास?" म्हणत सटवाने वहाण सोडली आणि त्याचा रक्ताळलेला पाय मांडीवर घेतला.