सालीसकट

सफरचंदाच्या आठ फोडी बशीत मांडून सुनेने ती बशी सासऱ्यांपुढे सरकवली, तेव्हा फोडींकडे न पाहताच त्यांनी सांगून टाकले, की उद्यापासून नातीला शाळेतून आणायला आपण जाणार नाही.

सून उभीच राहिली. ऊन असो वा पाऊस, गेली तीन वर्षे हे काम त्यांनी कुणाला करू दिले नव्हते. भिंतीवरचे घड्याळ कधी मागे पडे. सासरे पडत नसत. तिने विचारले, गुडघे दुखतात का.

"गुडघ्यांना काय धाड भरलीय," सासरे म्हणाले आणि त्यांनी एक बोट कपाळाला लावले. "इथलं काही खरं नाही आता. एवढ्याशा घरात मला माझी सुरी सापडत नाही. उद्या पोरीलाच कुठे ठेवून आलो, तर?"

असे म्हणून त्यांनी एक फोड उचलली आणि सालीसकट तोंडात घातली. बराच वेळ ते ती चघळत राहिले.

त्यांना साल खाताना पाहणे सुनेच्या जिवावर येई. उभा जन्म त्यांनी पुस्तकांच्या बांधणीत घालवला होता. ज्या पातळ सुरीने पुठ्ठ्यावर चढवायचे चामडे तासले, तीच सुरी घेऊन निवृत्तीनंतर ते रोज दुपारी सफरचंद सोलायला बसत. साल एकसंध, अखंड निघाली पाहिजे, हा त्यांचा नेम. मध्येच तुटली, तर ते फळ खाण्यास आपण अपात्र ठरलो असे मानून ते मुकाट्याने सुनेच्या हाती देत. 'आमच्या बाबांचा हात इतका सफाईचा, की वर्षभरात मला एकच सफरचंद मिळालं,' असे ती माहेरी हसत हसत सांगत असे.

गेल्या थंडीपासून मात्र तिला रोज मिळू लागले होते.

मग एके दुपारी अंगठा हाडापर्यंत कापला गेला. मुलगा दुपारपाळीच्या कामावर निघता निघता बायकोला म्हणाला, ती सुरी आधी नजरेआड कर. तिने केली. संध्याकाळी सासऱ्यांनी सुरीविषयी विचारले, तेव्हा वाद नको म्हणून ती कढईवरची नजर न उचलता बोलून गेली, "ठेवली असेल तुम्हीच कुठेतरी, बाबा."

या गोष्टीला आज बारा दिवस झाले होते. या बारा दिवसांत सासऱ्यांनी सगळे खण पालथे घातले. गादी उसवून पाहिली. मोलकरणीवर मनातल्या मनात संशय घेतला, आणि तो तिला बोलून दाखवून तिची क्षमाही मागितली. आता स्वयंपाकघराच्या दारावर त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती: गॅस बंद केला का? पायताणांच्या फळीवर दुसरी होती: किल्ली घेतली का? सून रोज त्या चिठ्ठ्यांसमोरून ये-जा करी आणि रोज ठरवी, की उद्या सांगू.

सासऱ्यांनी दुसरी फोड उचलली. सून आत गेली. कपाटातल्या गरम कपड्यांच्या घडीतून तिने सुरी काढली आणि बाहेर येऊन बशीशेजारी ठेवली.

"मी उचलली होती, बाबा. अंगठा कापला त्याच दिवशी. तुम्हाला खोटं सांगितलं."

आता ते जे बोलतील ते ऐकून घ्यायचे, अशी मनाची तयारी करून ती खाली मान घालून उभी राहिली. बोलणी खाण्याची तिला जवळजवळ आसच लागली होती.

सासऱ्यांनी सुरीला हात लावला नाही. त्यांनी केवळ विचारले, "म्हणजे मी हरवली नव्हती?"

"नाही."

"मी जागच्या जागी ठेवली होती?"

"जागच्या जागी. मीच उचलली."

त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. एवढे दिवस सांगायचे नाही का, आपण उगीच घर डोक्यावर घेतले, मोलकरणीवर बिचारीवर नाही तो संशय घेतला, असे म्हणत ते हसू लागले. रागाचा एक शब्द त्यात नव्हता. रागावले असते तर सुनेला सोसले असते. हा आनंद सोसवेना.

मग ते पुढे झुकले आणि एखाद्या खोडीतल्या जोडीदाराशी बोलावे तसा आवाज त्यांनी खाली आणला. "आणि छत्री गं? ती लाकडी मुठीची? तीही तूच ठेवलीस ना?"

छत्रीचे सुनेला काहीच ठाऊक नव्हते.

"हो," ती म्हणाली.

"वाटलंच मला." त्यांनी टेबलावर थाप मारली. "मोठी पोचलेली आहेस तू."

क्षणभर ते तसेच हसत राहिले. मग त्यांना आणखी काही आठवले.

"आणि मंगळवारी बघ," ते म्हणाले, "फाटकाशी तो पहारेकरी विचारतोय, आजोबा, कुणाला न्यायला आलात? मला पोरीचं नावच आठवेना. नुसता चिमणी, चिमणी म्हणत राहिलो. ते गं कसं झालं असेल?"

हसू अजून त्यांच्या ओठांवरून गेले नव्हते. पूर्ण विश्वासाने ते सुनेच्या तोंडाकडे पाहत होते.