कटरची वाढीव वॉरंटी

"मग काय जावईबापू, दोन वर्षांची पुरे, की वाढीव घेऊन पाच करायची?" सासऱ्यांनी विचारलं, आणि दुकानदारही त्याच्याकडे बघू लागला.

काउंटरवर लाकूड कापायचा नवा कटर ठेवला होता. सुतारकामाचा कारखाना सासऱ्यांचा, पण कापायचं सगळं काम लग्नापासून जावयाच्याच अंगावर पडलं होतं.

"दोन बास झाली," तो म्हणाला. "मोटर काही एवढ्यात जळत नाही. झिजतात ते मोटरमधले कार्बन ब्रश आणि पातं, आणि तेच नेमकं वॉरंटीत धरत नाहीत."

"वायरही नाही धरत," दुकानदाराने कबूल करून टाकलं. "पण मोटर गेली तर नवी बसवून देऊ. अट एकच, ज्याच्या नावावर त्यानेच चालवायचा. दुसऱ्याच्या हातात दिला की वॉरंटी गेली."

"म्हणजे पाच वर्षं एकच माणूस," सासरे म्हणाले. "बरंय की."

परगावी फर्निचरच्या कंपनीत जावयाची नोकरी पक्की झाली होती. एक तारखेला बायकोला घेऊन निघायचं, आणि सासऱ्यांना याचा पत्ताही नव्हता. "बाबांशी मी बोलते, तू मध्ये तोंड घालू नकोस," असं तिने बजावलं होतं. तो रोज विचारायचा, आणि ती रोज "बोलते रे" म्हणायची. इकडे म्हातारा गळ्यात पाच वर्षं बांधायला निघाला होता.

सासऱ्यांनी कटर उचलून पाहिला. "जड आहे हो. जरा हलका, लहान मुठीचा दाखवा."

दुकानदाराने दुसरा खोका फोडला.

हात थकले यांचे, जावयाला वाटलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. मुलगा नाही. एकुलती एक मुलगी, कारखान्याच्या भुशात खेळून वाढलेली, तिलाही आपण घेऊन चाललो.

"बाबा, वाढीव वॉरंटी म्हणजे नुसती दुकानदाराची चंगळ," त्याने शेवटचा प्रयत्न केला.

"मलाही पोट आहे, साहेब," दुकानदार हसला.

"असू दे," सासरे शांतपणे म्हणाले. "मशीनचा तरी भरवसा असावा."

आत्ताच सांगून मोकळं व्हावं, असं त्याला फार वाटलं. पण बायकोला दिलेला शब्द आडवा आला. दुकानाचं दार सताड उघडं होतं आणि त्याला जागचं हलता येत नव्हतं.

"घ्या पाच," तो म्हणाला.

दुकानदाराने पेन काढलं. "नाव कोणाचं टाकू? चालवणार कोण?"

जावयाने स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडलं.

"माझ्या मुलीचं टाका," सासरे म्हणाले. "जावई एक तारखेला चाललेत. ती नाही जात म्हणाली."