सात पिढ्यांची नावं

टणकन आवाज झाला. अंबाबाईंनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला होता.

"पुन्हा सांग," त्या नातीला म्हणाल्या.

पाच वर्षांची कीर्ती देवीसमोर ताठ उभी राहिली. संध्याकाळी तिरुविडैमरुदूर गावचे नातेवाईक येणार होते. या घराण्यात मूल पाच वर्षांचं झालं की नवरात्रात देवीपुढे सात पिढ्यांची नावं सांगतं, घरच्या मराठीत. नावं कीर्तीला पाठ होती. शेवटच्या वाक्याशी मात्र रोज गाडी अडायची.

"...आणि आम्ही तिथून इकडे आलो."

"तेथोन! तेथोन एथें आलों. हें तिथून-बिथून कोणी शिकविलें?"

कीर्तीने आईकडे पाहिलं. नंदिताचे हात गजऱ्यावर थांबले. सहा वर्षांत तिने सासूबाईंची दह्यातली डांगर पचडी जमवली होती, त्यांच्यासारखं नऊवारीही नेसायला शिकली होती. पण तिने आपल्या साताऱ्याच्या मराठीत तोंड उघडलं की घरात कोणीतरी हसायचंच.

"मीच शिकवलं," ती म्हणाली. "तिला निजवताना आमचं दोघींचं असंच बोलणं चालतं..."

"तेंच सांगतें! तीनशें वर्षें जपिली आम्ही ही भाषा ह्या तमिळ मुलखांत. तुझ्या तोंडचें ऐकून पोर बिघडली. संध्याकाळीं चारचौघे हांसतील."

"अम्मा, पोदुम्," पुरे म्हणून रविशंकरने वर्तमानपत्राआडून आईला विनवलं.

"तूं गप रे! बायको आणलीस तूं, तिचें बोलणें ऐकतें मी."

मग अंबाबाईंचा आवाज खाली आला. "भांडत नाहीं हो मी, नंदिता. बाजारांत तमिळ कशी झरझर बोलतेस. आजपासून पोरीशीं तेंच बोल. मराठी आम्ही पाहूं."

नंदिताने नवऱ्याकडे पाहिलं. वर्तमानपत्र हललं नाही. म्हणजे ठरलं. लेक या घरची आणि आपण बाहेरच्या. कुशीत घेऊन एक शब्द सांगायचा, तोही आता परवानगीचा.

तिने गजरा पुन्हा हातात घेतला. संध्याकाळी पाहुण्यांसमोर तमाशा नको.

"सरी, अम्मा," 'बरं'सुद्धा ती तमिळमध्येच म्हणाली.

अंबाबाईंनी समाधानाने टंबलर उचलला. कीर्ती मात्र जागची हलली नाही. कपाळाला आठी घालून ती आईजवळ आली, तिचा पदर ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आई, साताऱ्याच्या आजीला तर तमिळ येतच नाही. मग फोनवर मी तिच्याशी कशात बोलू?"