अस्सल चामडं

धाकट्याला लोखंड ओतायच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा बूट थोरल्यानेच निवडले. थोरला गवंडी, उंचावर पाय सटकू नये म्हणून जन्मभर नाड्या आवळत आलेला. दुकानात त्याने चामडं वाकवून पाहिलं, किल्लीने खरवडलं. साधा चरा उठेना, स्वारी खूश! नाड्यासुद्धा चामड्याच्या. “दादा, तिथे सगळे बिननाडीचे घालतात,” धाकटा कुरकुरला. “ते ढगळे? चालताना निसटतील!” आज पहिल्या पाळीला थोरल्यानेच वाकून दुहेरी गाठ मारून दिली आणि तो तिथल्याच विझलेल्या भट्टीत विटा बसवायला गेला. तासाभरात वितळलेलं लोखंड उसळलं. जुन्या कामगाराने पाय झाडून पेटता बूट भिरकावला. धाकट्याच्या बुटात वरून ओघळ शिरला होता. “दादा, काढ ना!” धावत आलेल्या थोरल्याच्या बोटांना गाठ सुटेना. त्याने कमरेची थापी उपसली, जीव एकवटून चामड्यावर ओढली. नुसता चरा उठला.